समारोपाच्या दिवशीचा टेकू

घरात नवीन वस्तू आली की ती कुणालाही न विचारता स्वतः लावायची, हा माझा जुना बाणा आहे. बैठकीतला पंखा मीच लावला. (त्याचा वारा छताला लागतो, पण लागतो.) मिक्सरसुद्धा मीच दुरुस्त केला. (तेव्हापासून आमच्याकडे पाट्यावर वाटतात. चव वेगळीच येते.) त्यामुळे आमच्या सपनाने पुण्याहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवर म्हणाली, "बाबा, मी सांगते तसं तसं करत जा," तेव्हा मी तिला मध्येच थांबवलं.

"सपना, तुहा बाप एमएस-सीआयटी पास हाये."

"बाबा, तुमी पास झाले तवा मी बालवाडीत होती."

"मंग? ज्ञान काय शिळं होते काय?"

आणि मी फोन ठेवला. इथून पुढचं सगळं त्या फोन ठेवण्यामुळे झालं, हे मला आता कळतं.

लॅपटॉप साधा नव्हता, टू-इन-वन होता. म्हणजे झाकण उघडलं तर लॅपटॉप आणि तेच झाकण पार मागे वळवलं तर टॅबलेट. बोट लावलं की चालतो. सपनाने तो माझ्यासाठी पाठवला नव्हता, अंजनासाठी पाठवला होता. अंजना म्हणजे माझी बायको. ती आमच्या किन्हीराजा गावच्या अंगणवाडीत सेविका आहे आणि मी मालेगावला एका कार्यालयात क्लार्क आहे. घरात साहेब कोण, हे यावरून समजून घ्यावं.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. वाचते अंजना. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून वाचते. यंदा मात्र तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वाशीमचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दिवाळीनंतर करू. ग्रंथाची अक्षरं बारीक, त्यामुळे पावसाळाभर शेजारच्या मंजूने वाचन ओढलं. पण आश्विन पौर्णिमेला समारोप असतो, त्या दिवशीचं शेवटचं प्रकरण अंजनाचंच असतं, आणि ते सोडायला ती तयार नव्हती. रात्री जेवताना ती एकदाच म्हणाली, "मले यंदा वाचता नाई आलं ना, तं मी विहारात जाऊन बसनार नाई. घरीच राह्यतो." तिचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

गावालाही काळजी होतीच. मंजूकडे त्या दिवशी खिरीचं पातेलं असतं. मग अंजना नाही तर वाचणार कोण? नानाजी. नानाजी आमच्या विहाराचे सर्वात वडीलधारे. माणूस सोन्यासारखा. पण ते एक ओळ वाचतात, चष्मा काढतात आणि त्या ओळीवर स्वतःच्या आयुष्यातला दाखला देतात. मागे एकदा त्यांनी वाचायला घेतलं तेव्हा पहिलं पान संपेपर्यंत खिरीवर साय धरली होती.

मी स्वतः दरवर्षी समारोपाला हजर असतो. म्हणजे खिरीला असतो. वाचनाच्या वेळेला नेमकी माझी मोटरसायकल पंक्चर होते, नाहीतर साहेब थांबवून घेतात. पण वाचन संपल्याचं "साधू, साधू, साधू" कानावर पडायला आणि मी विहाराच्या दारात चपला काढायला एकच गाठ पडते. याला काय म्हणावं? योग म्हणावा.

असो. सपनाने ग्रंथ त्या मशीनमध्ये भरून पाठवलाच होता. मला फक्त मशीन अंजनाच्या हाताला सोयीचं करून द्यायचं होतं. रविवारी मी ओट्यावर चटई टाकली आणि झाकण मागे वळवायला घेतलं. अर्ध्यावर गेलं आणि माझा धीर सुटला. आयुष्यभर झाकण पुढे लावत आलेला माणूस मी, मागे वळवताना मान मोडल्यासारखं वाटतं हो.

"मोडून राह्यले का ते?" अंजना स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू तुह्यं काम कर."

"सपनाले एक फोन लावा ना."

"अंजना, तू अंगणवाडीच्या मोबाइलवर पोट्ट्यांची वजनं भरतं, ते येगळं. मोबाइल म्हंजे मोबाइल. हा कम्प्युटर हाये."

ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला पाहिजे, हे मला इतक्या वर्षांतही जमलेलं नाही.

पहिलं काम अक्षर मोठं करणं. सेटिंगमध्ये एक दांडी सापडली, ती उजवीकडे सरकवली की अक्षर वाढतं. मी सढळ हाताने सरकवली. मग अंजनाला बोलावलं. तिने चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं.

"हे काय हाये?"

"अक्षर."

"कोनतं?"

"'भि'. त्याची उजवी बाजू."

"आन् बाकीचा भिक्खू कुठी गेला?"

बाकीचा भिक्खू शोधायला संध्याकाळ झाली. कारण सेटिंगची दांडीसुद्धा आता मोठी होऊन पडद्याबाहेर गेली होती. शेवटी तो सापडला आणि एका ओळीत चार-पाच शब्द बसतील असा मेळ जमला. झाकणही एकदाचं पार मागे गेलं. तेवढ्यात दुसरीच कटकट. मशीन जरा कलतं झालं की आतलं पान गर्रकन आडवं होई. मी मशीन फिरवलं की पान उलट फिरे. मी मान वाकडी केली. पान पुन्हा फिरलं. आमच्या दोघांत असा बराच वेळ फुगडीचा खेळ चालला. हे फिरणं बंद करायचं एक बटण असतं, ते मी शोधून काढलं. (झाकण पुन्हा पुढे घेऊन, टेबलावर ठेवून, शिस्तीत.) बटण फिकट दिसत होतं आणि दाबलं तरी हूं की चूं करत नव्हतं.

"बटन खराब हाये," मी निकाल दिला.

"झाकन मांगं वळवून दाबून पाहा ना," अंजना म्हणाली.

"झाकनाचा अन् बटनाचा काय संबंध?"

ती भाजी निवडायला निघून गेली.

अंजनाला पान उलटायची सवय लावणं हेही एक कामच होतं. ती बोट जिभेला लावायची आणि पडद्यावर ठेवायची. ओल्या बोटाने मशीन बावचळायचं आणि एकदम आठ-दहा पानं मागे जायचं. मी तिला सांगितलं, "थुंकी लावाची नाई. मशीन हाये ते." ती दोन दिवसांत शिकली. मी मात्र तिला शिकवता शिकवता तीच सवय लावून घेतली आणि कार्यालयातल्या कम्प्युटरवर जिभेचं बोट ठेवताना साहेबांनी मला पाहिलं.

शेवटची चाचणी आरामाची. टॅबलेट हा आरामात वापरता आला पाहिजे, असं सपनाच म्हणाली होती. म्हणून एका दुपारी मी पलंगावर उताणा झोपलो, मशीन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. आराम इतका उत्तम होता की दुसऱ्या ओळीला मला डोळा लागला आणि मशीन धाडकन नाकावर आलं. मशीनला काही झालं नाही. नाक सुजलं. कार्यालयात सगळ्यांनी विचारलं, "देवमनभाऊ, काय झालं?" मी म्हणालो, "कम्प्युटरचं काम चालू हाये घरी."

पौर्णिमेला संध्याकाळी विहार भरला. सोयाबीनची सोंगणी-कापणी चालू होती, तरी लोक कुसं झटकून, हातपाय धुऊन, पांढरे कपडे घालून आले. अंजनाने पांढरी साडी नेसली होती. सकाळपासून ती पाणी प्यायचंही विसरत होती. मी त्या दिवशी वेळेवर होतो. मशीनची जबाबदारी माझी म्हटल्यावर पंक्चर व्हायला काही वावच नव्हता.

वंदना झाली. अंजना चौरंगापाशी बसली. मी मोठ्या ऐटीत झाकण मागे वळवलं (आता हात बसला होता) आणि टॅबलेट चौरंगावर आडवा ठेवला. अंजनाने खाली वाकून पाहिलं. वरची ट्यूबलाइट जशीच्या तशी पडद्यात उतरली होती.

"मले नुसती लाइट दिसून राह्यली," ती हळूच म्हणाली.

मी मशीनखाली मेणबत्तीचा खोका लावला. ते घसरलं. फुलांचं ताट लावलं. ताटासकट घसरलं. झाकण पुढे घेऊन लॅपटॉप करून ठेवला, तर पडदा तिच्यापासून लांब गेला, आणि तिने बोट लावलं की मागे मागे झुलायला लागला. लोक चुळबुळ करू लागले. मंजूने दारातून खिरीच्या पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत नानाजींनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. टक् असा आवाज झाला. सगळ्या विहाराने तो ऐकला.

"अंजनाबाई," नानाजी म्हणाले, "तकलीफ होत असन तं मी वाचतो. मले एक गोष्ट आठवलीच हाये."

अंजनाचा चेहरा उतरला. मला तो पाहवेना.

"थांबा नानाजी," मी म्हणालो. "हे... हे होते आत्ता."

तेव्हा अंजना माझ्याकडे वळली. शांतपणे म्हणाली, "तुमी धरा जी."

"काय?"

"मशीन. तुमी धरा. मी वाचतो."

मग मी चौरंगाच्या बाजूला मांडी घातली, दोन्ही हातांत ते मशीन तिच्या डोळ्यांसमोर तिरकं धरलं आणि अंजनाने वाचायला सुरुवात केली.

पहिलं पान सुखात गेलं. दुसऱ्या पानाला हात भरून आले. तिसऱ्याला डावा हात जरा खाली उतरला आणि अक्षरं सगळीच्या सगळी आडवी झाली.

"सीधं!" अंजना ओळ न तोडता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. मी सीधा झालो.

मग माझं सुजलेलं नाक खाजू लागलं. मग एक डास आला. त्याने सगळा विहार पाहिला आणि मलाच निवडलं, कारण हलता न येणारा मी एकटाच होतो. मग खिरीचा वास आला. वेलची घातली होती मंजूने. मग जांभई आली, आणि ती तोंडापुढे हात न धरता, सगळ्या गावाच्या समोर द्यावी लागली.

पण खरं सांगतो, चौथ्या-पाचव्या पानानंतर मला काही सुचेनासं झालं. अंजनाचा आवाज मी रोज ऐकतो, पण घरात तो "गॅस बंद करा" नाहीतर "टावेल वाळू घाला" एवढ्यासाठीच असतो. इथे तो निराळाच होता. ती घाई करत नव्हती. जिथे थांबायचं तिथे थांबत होती, आणि ती थांबली की सगळा विहार तिच्याबरोबर थांबत होता. मागच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. नानाजींनी चष्मा कधीच त्याच्या घरात परत ठेवून दिला होता आणि डोळे मिटून ऐकत होते. ही बाई इतकी वर्षं दर पावसाळ्यात असं वाचत आली आणि मी बाहेर मोटरसायकलवर बसून खिरीची वाट पाहत होतो! मला फार अभिमान वाटला तिचा. हात अवघडले होते, पण मी मशीन खाली येऊ दिलं नाही.

"साधू, साधू, साधू" झालं. लोक ग्रंथाला नमस्कार करतात तसे मशीनला करायला आले. कुणी हात लावला, कुणी कपाळ टेकलं, आणि पडद्यावर कीबोर्ड, घड्याळ, कॅमेरा असं काय काय उघडत गेलं. मला मिटवता येत नव्हतं, कारण माझे हात होते तसेच आखडले होते. मंजूने खिरीची वाटी आणली, तर ती धरता येईना. अंजनाने तिच्या हाताने दोन चमचे भरवले. बाया हसल्या. मला वाईट वाटलं नाही.

एवढ्यात सपनाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा! आईचं वाचन झालं? मशीन नीट राह्यलं ना?"

"राह्यलं म्हंजे काय? मीच धरून बसलो होतो शेवटपावतर!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"धरून? काहून? बाबा, ते अर्धं मागं वळवून पालथं ठेवलं की तंबूसारखं आपलं आपन उभं राह्यते. आन् फिरनं बंद कराचं बटन झाकन मांगं नेलं की चालू होते. मी आईले मशीन आलं त्याच दिवशी सांगितलं होतं, अंगनवाडीत फोन करून. तिनं तवाच करून पाह्यलं. फटक्यात जमलं तिले."

मी अंजनाकडे पाहिलं. ती खिरीची वाटी खरवडत होती.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले काहून धराले लावलं?"

"इतक्या वर्षात तुमची गाडी एकदाबी वाचनाच्या आंधी पोचली नाई," ती म्हणाली. "म्हटलं, यंदा तुमाले पुरं आयकवावं. हातात काई नसतं तं तुमी उठून गेले असते."

मी काहीतरी बोलणार होतो, पण नानाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मंडळींकडे वळले आणि म्हणाले, "अंजनाबाईच्या डोयाचं ऑपरेशन होवो, चांगलं होवो. पुढल्या वर्षी मशीनची गरज पडन, नाई पडन. पन टेकू हाच ठेवा. मजबूत हाये. फक्त मधामधात जांभया देते."