श्याओ बाईंच्या पोटाला मत नाही

"माझ्याइतकी पुढारलेल्या विचारांची बाई अख्ख्या चियायी शहरात दाखवा!" निवृत्त मुख्याध्यापिका श्याओ बाईंनी भर रांगेत आव्हान दिलं.

रांग कचऱ्याच्या गाडीची होती. गाणं वाजवत गाडी येईपर्यंत सगळी वस्ती पिशव्या धरून ताटकळते, तेव्हा वस्तीप्रमुखाच्या निवडणुकीचा प्रचार करायला याहून चांगली जागा कुठली? बाईंच्या विरोधात उभा होता को खाटीक. दिवसभर आतड्यांत हात घालणारा हा गडी म्हणत होता, बाहेरून आलेल्यांच्या खाण्याच्या गाड्या रस्त्यावरून हटवणार! बाई म्हणत होत्या, एकही हटू देणार नाही. लग्न होऊन व्हिएतनामहून आलेल्या थुईची अंड्यांची गाडी तर नाहीच नाही.

घात केला तो भाचीनं. मानसशास्त्र शिकणाऱ्या यीचेननं रांगेतल्या लोकांकडून किळस मोजायचे फॉर्म भरून घेतले होते. दुसऱ्याच्या कपातला चहा प्याल का? बाई स्वतःच्या कपातला चहासुद्धा कप तीनदा विसळून पितात! शंभरात अठ्ठ्याण्णव गुण! शाळेत असतानाही कधी एवढे पडले नव्हते.

"मावशी, गंमत सांगू? किळस जास्त असणाऱ्यांना कडक शिस्त आवडते, परके लोक नकोसे वाटतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे थोडासाच कल हं, आणि सगळ्याच अभ्यासांत..."

तो 'थोडासा' कोण ऐकतंय! रांगेच्या शेपटापर्यंत गोष्ट पोचली तेव्हा बाईंना परके लोक डोळ्यांसमोर नको असतात, हे ठरूनही गेलं होतं.

"थुईची अंडी उकडताना बघा बाई कशा नाक मुरडतात!" को ओरडला. "पोटातलं नाकावर येतंच!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थुई, दे एक अंडं! ते आत पिल्लू धरलेलं!"

"बाई, साधं घ्या ना. त्यात चोच असते."

"चोचीसकट दे!"

"मावशी, अगं यानं काहीच सिद्ध होत नाही!"

"तू गप्प बस! तूच लावलीस ना ही आग?"

डोळे मिटून बाईंनी अंडं तोंडात टाकलं. चावलं. गिळलं! टाळ्या पडल्या. बाईंनी ऐटीत हात उंचावला आणि नेमकी तेव्हाच गाडी गाणं वाजवत समोर येऊन थांबली. मागच्या पिंपाचं झाकण उघडलं. सडक्या सालींचा भपकारा नाकात शिरला आणि अंडं आल्या वाटेनं परत निघालं. बाईंनी धावत जवळचं पिंप गाठलं.

"ओ बाई!" सफाई कामगार खेकसला. "हे कच्च्याचं पिंप, खताचं! शिजलेलं अन्न पलीकडे, डुकरांच्या खाद्याच्या पिंपात! एवढंही कळत नाही?"

रांग खो खो हसली. बाईंनी शांतपणे तोंड पुसलं, केस सारखे केले आणि सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"हसा! पोट भित्रं आहे माझं, मी नाही! आणि पोटाला मत नसतं, मला आहे! थुईची गाडी इथेच राहणार. हात तर लावून दाखवा!"

कोनं खाली मान घालून आपली पिशवी गाडीत टाकली. बाईंना अगदी भरून आलं.

थुईनं त्यांना पाणी दिलं. ती स्वतः तसलंच अंडं मिटक्या मारत खात होती.

"बाई, मनाला लावून घेऊ नका हं, पण मत मी कोभाऊंनाच देणार."

"अगं, तो तुझी गाडी हटवेल!"

"माझी कशाला? बारा वर्षं झाली मला इथे येऊन, मी कुठली बाहेरची? पण कोपऱ्यावर दोन नव्या बायकांनी गाड्या लावल्यात. कोणीतरी कडक माणूस हवाच की!"

"थुई! तुझ्यासाठी मी ते अंडं खाल्लं!"

"खाल्लंत कुठे, बाई? टाकलंत. तेही चुकीच्या पिंपात!"