अकरा मिनिटांपुरती मयत

माझी बायको मार्चमध्ये वारली. नवव्या दिवशी मी नोंदणी कार्यालयात जाऊन तिच्या मृत्यूची नोंद केली. सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी ती कागदोपत्री मयत झाली आणि अकरा वाजून पंधरा मिनिटांनी पुन्हा जिवंत झाली.

यात चमत्कार काही नाही. तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी मृत्यू नोंदवला, तेव्हा पाच नंबरवरच्या कारकुनाने तीच नोंद आपल्या पडद्यावर उघडून ठेवलेली होती. आमच्या घराचा क्रमांक चुकला होता. तो दुरुस्त करण्याचा अर्ज बायकोनेच सात महिन्यांपूर्वी दिला होता. या कारकुनाला कार्यालयात सगळे सावकाश म्हणतात. त्याने क्रमांक दुरुस्त केला, नोंद नीट वाचली, चष्मा पुसला आणि सेव्ह केलं. त्याच्याकडची प्रत जुनी होती आणि तिच्यात बायको जिवंत होती. तीच वर बसली. मृत्यू पुसला गेला. घराचा क्रमांक मात्र बरोबर झाला.

हे मला कळलं, कारण त्या कार्यालयाच्या डेटाबेसचं साठवणीचं इंजिन, म्हणजे नोंदी डिस्कवर नेऊन ठेवणारा प्रोग्रॅम, बावीस वर्षं मीच सांभाळतो.

तेव्हापासून दर महिन्याला पोस्टमन येतो. "बाई आहेत का? नव्या पत्त्याच्या खातरजमेचं पत्र आहे. सही त्यांचीच लागते." मी सांगतो. तो "अरेरे" म्हणतो, पाकिटावर 'घरी नाहीत' असा शेरा मारतो आणि परत जातो. शेरा तसा असल्यामुळे पुढच्या महिन्यात पत्र पुन्हा निघतं.

माझ्या दारात येऊन कोणी तिला हाक मारू नये, एवढंच मला हवं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅम तुमचा. एक ओळ टाका आणि मोकळे व्हा."

"स्वतःच्या कुटुंबाच्या नोंदीला हात लावणार नाही, असं लिहून दिलंय मी."

"मग खिडकीवर जा ना."

"गेलो होतो. मृत्यू क्रमांक माणसाला एकदाच मिळतो, आणि तो तिला मिळून चुकलाय. तो रद्द करून नवा घ्यायचा तर संबंधित व्यक्तीचा अर्ज लागतो."

"संबंधित व्यक्ती म्हणजे?"

"तुझी आई."

मुलगी म्हणाली, "आई खिडकीवर गेली असती तर त्या सावकाशचं काही खरं नव्हतं."

शेवटी मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "एका बाईसाठी नियम वाकवता येत नाही. पण इंजिनात दोष आहे म्हणता, तर तो काढा. दोष निघाला की जुनी चूक दुरुस्त करण्याच्या अर्जाचा नमुना तुम्हाला मिळेल."

मी कुलपाची सोय केली. एकाने नोंद उघडली की तिला कुलूप लागणार, ती बंद होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. पहिल्याच दिवशी सावकाशने एक नोंद उघडली आणि तो जेवायला गेला. त्या नोंदीतला नवरदेव तीन नंबरपुढे पावणेदोन तास उभा राहिला. नंतर घटस्फोटाचं एक प्रकरण आलं. तीन नंबरच्या बाईंनी नवऱ्याची नोंद उघडली आणि त्यांना बायकोची हवी होती. सावकाशने बायकोची उघडली आणि त्याला नवऱ्याची हवी होती.

"तुम्ही सोडा आधी," बाई म्हणाल्या.

"मी का? मी सिनियर आहे."

"सिनियर आहात तर मन मोठं करा."

दुपारपर्यंत दोघं समोरासमोर बसून होते. ज्यांना वेगळं व्हायचं होतं ते जोडपं बाकावर एकच वर्तमानपत्र वाटून वाचत होतं. संध्याकाळी ते अर्ज मागे घेऊन गेले आणि साहेबांनी ते कार्यालयाचं यश म्हणून वर कळवलं.

लहान क्रमांकाची नोंद आधी उघडायची, असा साधा उपाय मी सुचवला. त्यावर समिती बसली. आधी नवरा की आधी बायको, यावर ती चार महिने बसली. शेवटी लहान क्रमांक आधी, असंच ठरलं, पण ते समितीला सुचलं असं ठरलं.

आता इंजिन निर्दोष झालं होतं. म्हणून साहेबांनी ते नव्या यंत्रांवर हलवलं.

जुनी यंत्रं आकडा ज्या टोकाकडून वाचत, नवी त्याच्या उलट टोकाकडून वाचतात. मी तसं लेखी कळवलं होतं. "आकडा तो आकडा. कुठूनही वाचा," असा शेरा मारून कागद परत आला. आमच्याकडे माणसाचं वय आकड्यात ठेवतात. यंत्र आकडा दोन खणांत ठेवतं; खणांची अदलाबदल झाली की तो दोनशे छप्पन्नपट होतो, म्हणून एकसष्ट वर्षांचा माणूस उलट वाचला की पंधरा हजार सहाशे सोळा वर्षांचा होतो. आणि एकशेवीसच्या पुढे गेलेला माणूस आमच्याकडे आपोआप मयत धरतात.

सोमवारी सकाळी सगळं शहर मयत झालं. फक्त वर्षाच्या आतली बाळं वाचली, कारण शून्य कुठूनही वाचलं तरी शून्यच. घराघरात तेवढंच जिवंत असल्यामुळे बाळं कुटुंबप्रमुख झाली आणि त्यांच्या नावाने निरोप गेले: व्यक्तिशः हजर राहून अंगठा द्यावा.

लोक आले. बाळं घेऊन आले. ज्यांच्याकडे बाळ नव्हतं ते शेजाऱ्यांचं मागून आले. मंगळवारी रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली. साहेब स्वतः मयत होते, पण कामावर हजर होते.

माझी बायको मात्र त्या अकरा मिनिटांनंतर या तीन दिवसांत प्रथमच बरोबर नोंदलेली होती. सोमवारी मयत झालेल्या सगळ्या शहरात तेवढीच एक नोंद खरी होती.

"दुरुस्त करा लगेच," साहेब म्हणाले.

"एक नाव राहू देता येईल का?"

"इंजिन माणूस ओळखत नाही, असं तुम्हीच सांगत असता ना?"

मी सांगत असे. बुधवारी मी दुरुस्ती केली. शहर जिवंत झालं आणि त्याबरोबर तीही.

साहेबांनी शब्द पाळला, नमुना दिला. त्यात एकच अट होती. दोन नागरिकांनी सही करायची: 'संगणकातली नोंद चुकू शकते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.'

मला हायसं वाटलं. बाळांना गेलेले निरोप कोणी मागे घेतले नव्हते, त्यामुळे दोन काय, सगळं शहर अजून कार्यालयाच्या दारात उभं होतं. मी नमुना आणि पेन घेऊन रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला म्हणाला, सरकारी कागद आहे, नको. दुसरी म्हणाली, घरी विचारून सांगते. तिसरा म्हणाला, चूक असती तर एवढे लोक आले असते का?

त्यानंतर तुम्ही होता. कडेवर शेजाऱ्यांचं बाळ होतं. तुम्ही नमुना पूर्ण वाचलात, म्हणून मला आशा वाटली. मग तो माझ्या हातात परत देऊन तुम्ही म्हणालात, "काका, काकू नोंदीत आहेत ना, मग काळजी कसली?" रांग सरकली तसे तुम्हीही सरकलात, आणि खिडकीशी वाकून तुम्ही सावकाशला विचारलंत, "बाळाचा अंगठा डावा की उजवा?"