तीन शब्द फुकटचे

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळारीणबाईंचं पत्र येऊन वर्ष उलटलं, तरी नानांनी उत्तर धाडलं नव्हतं. "माझी वरची खोली रिकामी आहे. पुस्तकांसकट राहायला याल का?" एवढंच पत्र! पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या या मुद्रितशोधकाला स्वतःचं 'हो' काही लिहिता येईना.

मग त्यांचे सांधे सुजले. डॉक्टरीणबाईंनी दाह उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि काय सांगावं! दोन महिन्यांत सूज पळाली, नाना दिवसातून पाच वेळा जेवू लागले, शेजाऱ्याचा रेडिओ दरडावून बंद करून आले.

"स्वभाव उशिरा उमलला, एवढंच!" असं पुतणीला ऐकवून त्यांनी एका बैठकीत अकरा पानी उत्तर लिहिलं. थेट लग्नाची मागणी, तीही तळटिपांसह!

आता गोळ्या कशाला? चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हळूहळू कमी करत बंद करावी.' नानांचं लाल पेन आपसूक उठलं.

"बंद म्हणजे बंद! बाकीचे तीन शब्द फुकटचे." त्यांनी शब्दांवर काट मारली, अन् गोळ्या त्याच दिवशी बंद!

चौथ्या दिवशी त्या उत्तराचं पाकीट घेऊन पोस्टाच्या खिडकीशी "एक तिकीट..." एवढं म्हणून नाना ओल्या पोत्यासारखे कोसळले.

डोळे उघडले ते दवाखान्यात. हाताला सलाइन, समोर डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या हातात ती चिठ्ठी.

"हे लाल कुणी केलं?"

"मी. द्विरुक्ती वाटली."

"अहो काका, जीव गेला असता! मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी असलंच संप्रेरक रोज बनवतात. बाहेरून आयतं मिळाल्यावर त्या झोपल्या. त्यांना जाग यायच्या आत तुम्ही गोळ्या तोडल्यात!"

"म्हणजे ती भूक..."

"गोळ्यांची."

"आणि... धीटपणा?"

"बराचसा तोही."

नाना पांढरेफटक पडले. मरता मरता वाचल्याचं राहिलं बाजूला! त्या अकरा पानांतला 'हो' कुणाचा? आपला, की औषधाच्या दुकानातला? उशाशी असलेलं ते पाकीट त्यांनी पुतणीकडून फाडून घेतलं.

पुढे गोळ्या कणाकणानं उतरल्या. सहा महिन्यांनी सकाळचं रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान! ग्रंथी जाग्या झाल्या."

"आता अंगात आहे ते माझंच ना?"

"सगळं तुमचंच. जरा बेताचं आहे, पण तुमचं!"

त्याच दुपारी नानांनी कार्ड लिहिलं. 'हो. येतो.' चार वेळा तपासलं. चूक सापडेना, त्यामुळे जास्तच घाबरले. पोस्टाच्या पेटीत मनगटापर्यंत हात घातला आणि तसेच उभे राहिले.

मागून एक बाई खेकसल्या, "आजोबा, सोडा की आता! आम्हालाही टाकायचंय!"

"हो हो, माफ करा," म्हणत नाना इतके ओशाळले, की कार्ड सुटलंच.