दुर्गाच्या खात्याची पाठवणी

माणूस मुळात स्वातंत्र्यप्रिय आहे. फक्त त्याचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो, हे त्याला वेळेवर कळत नाही. आंबागडच्या मच्छीमार संस्थेला मात्र कळले. एका परदेशी कंपनीच्या ॲपने संस्थेच्या मरळ माशाचा फोटो 'हिंसक' म्हणून दोनदा काढून टाकला, तेव्हा सचिव मनिराम यांनी मालकच नसलेल्या समाजमाध्यमावर जाण्याचा ठराव मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला (हजर सभासद अकरा, जागे सात).

हे माध्यम म्हणजे काय, ते गावात संगणक वर्ग चालवणाऱ्या तृप्तीने समजावले. "काकाजी, गावागावाचा तलाव वेगळा, पण नहरानं पानी एकमेकांत जाते. तसंच हे. सर्व्हर ज्याचा त्याचा, बोलणं साऱ्यांशी." मालक कोणी नाही हे ऐकून सभासदांना बरे वाटले आणि लगेच अध्यक्ष कोण यावर चर्चा सुरू झाली.

नवख्याला आधी सर्व्हर निवडावा लागतो. आंबागडच्या सर्व्हरवर सभासद चौतीस होते आणि नियम सदतीस. लाखांदूरच्या सर्व्हरवर यायला कारण लिहून अर्ज करावा लागे ('सहज' हे कारण चालत नसे). साकोलीचा सर्व्हर कुणालाही घेई, म्हणून तिथे जाणे कमीपणाचे मानले जाई.

मनिरामांची मुलगी दुर्गा लग्न होऊन लाखांदूरला गेली होती. लेक सासरी आणि खाते माहेरी, हे कसे दिसते, असा प्रश्न संस्थेला पडला. तेव्हा खात्याचीही रीतसर पाठवणी करण्यात आली. अशा वेळी पाठीराखे, म्हणजे फॉलोअर, सोबत जातात, जुने लिखाण मात्र जुन्या जागीच राहते, असे तृप्तीने बजावले होते. मनिरामांना त्यात नवे काही वाटले नाही. ते रोज सकाळी दुर्गाचा फोटो बघत, त्याखालची पसंतीची चांदणी दाबत आणि मगच चहा पीत. तिला सातवा महिना लागल्याचे त्यांना असेच कळले.

मग आंबागडच्या एका सभासदाने लाखांदूरच्या रोहूला चिखलाचा वास येतो, असे लिहिले. लाखांदूरने आंबागडचा अख्खा सर्व्हरच आपल्यापुरता बंद करून टाकला. माध्यमात तशी सोय आहे. तिला स्वायत्तता म्हणतात. आंबागडनेही तातडीची सभा घेऊन लाखांदूर बंद केले. ठरावावर पहिली सही सचिवांची होती.

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही. मनिरामांचा चहा तसाच निवून गेला. त्यांना फार वाईट वाटले, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नव्हता.

"फोन काहून नाही करत पोरीले?" त्यांच्या पत्नीने, बेबीबाईंनी, विचारले.

"फोनवर काय बोलू मी? चांदणी दाबली का तिले समजते."

चार दिवस कळ काढून शेवटी त्यांनी लाज गुंडाळून ठेवली आणि साकोलीला खाते काढले; साकोली कुणीच बंद केले नव्हते. तिथे दोन्ही गावांची निम्मी मंडळी आधीच येऊन बसली होती. संस्थेचे अध्यक्षही होते. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. दुर्गाचा फोटो मात्र दिसला. चेहरा ओढलेला होता. चांदणी दाबून भागेना, म्हणून मनिरामांनी अर्धा तास खपून लेकीला आयुष्यातला पहिला संदेश लिहिला: "बेटा, कशी आहेस? तुई आठवण येऊन राहिली."

उत्तर दोन मिनिटांत आले. "माह्या बाबाचं नाव लावून कोनाले फसवता? ते मले असं कधीच विचारत नाही."

पाठोपाठ तोतया म्हणून तक्रारही गेली. साकोलीच्या व्यवस्थापकांनी मनिरामांकडे आपण खरोखर वडील असल्याचा पुरावा मागितला आहे. मनिराम तो अजून शोधत आहेत.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त आज आपल्या लेकीला असाच एक संदेश पाठवून बघावा. तुमचे खाते खरे की खोटे, ते ती लगेच सांगेल.