निम्मं डोकं मधमाशीचं

वीज गेली तेव्हा बाशी चिशालांच्या डोक्याची उजवी बाजू अगदी बारीक झाली होती आणि डावीकडचं रान जसंच्या तसं उभं होतं. फेलिक्स न्हाव्याच्या हातातलं मशीन घरघरलं आणि गप्प झालं.

"गेली," फेलिक्स म्हणाला.

एवढंच म्हणून तो थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती आणि मुफुलिरा गावात त्या दिवसांत एका शब्दावर कुणीच थांबत नव्हतं.

"जाणारच! ज्या पक्षाचं चिन्हच कंदील, त्याला विजेचं काय कौतुक?"

बाशी चिशाला सत्तेतल्या कंदील पक्षाचे वॉर्ड सचिव होते. चिशाला ही त्यांची थोरली मुलगी. ती जन्मल्यापासून सगळी वस्ती त्यांना 'चिशालाचा बाप' याच नावाने हाक मारत होती. त्याच चिशालाला मागणी घालायला आज दुपारी पाहुणे यायचे होते, म्हणून तर ते सकाळीच खुर्चीत येऊन बसले होते.

"धरणात पाणी नाही, फेलिक्स. पाऊस काय आमच्या साहेबांच्या खिशात असतो?"

"खिशात बाकी सगळं असतं की!"

"तोंड सांभाळ! तुमचा तो टकल्या निवडून आला तर काय डोकं चमकवून गावात उजेड पाडणार आहे?"

फेलिक्सने मशीन खाली ठेवलं. मधमाशी पक्षाच्या उमेदवाराच्या गुळगुळीत डोक्याची मुफुलिरात बरीच चेष्टा झाली होती आणि त्यातली बरीचशी बाशी चिशालांनीच केली होती. "ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर काही उगवत नाही, तो देशात काय पिकवणार?" हे त्यांचं वाक्य कोपऱ्याकोपऱ्यावर टाळ्या घेत होतं. मधमाशीवाल्यांनी मग हट्टाने आपापली डोकी भादरून घेतली. टक्कल दिसलं की मत मधमाशीचं, हे आता लहान पोरांनाही कळत होतं.

"एवढं बारीक कात्रीनं जमत नाही," फेलिक्स हसू दाबत म्हणाला. "वस्तरा मारू का? एका झटक्यात चकचकीत!"

बाशी चिशाला ताडकन उठले. "मला टकल्या करतोस? इतकी वर्षं तुझ्यापुढे मान खाली घातली ती यासाठी?"

"अहो बाशी, वीज येईपर्यंत बसा तरी! असं अर्धवट कुठं निघालात?"

"अर्धवट तू! तुझा पक्ष अर्धवट!"

आणि गळ्यातलं कापड फडफडवत ते भर बाजारातून चालू लागले.

मिरचीवाल्या बायांनी कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्यांची टोकं तोंडावर धरली. एका म्हाताऱ्याने "कुणी गेलं का घरात?" म्हणून हळहळत विचारलं. तेवढ्यात समोरून मधमाशीवाल्यांचा ट्रक आला, वर कर्णा आणि सगळी टकली पोरं.

"बघा, बघा!" कर्ण्यातून आवाज आला. "कंदिलाचे सचिव आमच्यात आले! निम्मे आलेत, उरलेले संध्याकाळपर्यंत येतील!"

"अरे नालायकांनो!" बाशी चिशाला ट्रकमागे धावले. पण धावणारा माणूस लांबून बघणाऱ्याला ट्रकमध्ये चढायला निघाल्यासारखाच दिसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक तीच बातमी ओरडत बसथांब्याकडे गेला.

घरी बाना चिशालांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"वीज गेली," ते म्हणाले.

"वीज सगळ्या गावाची गेली. डोकं तुमचंच असं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाना चिशाला सरळ आत जाऊन ब्लेड घेऊन आल्या.

"मुळीच नाही! मेलो तरी टक्कल करणार नाही."

"मग टोपी घाला. ती कंदिलाची नको, ती लोकरीची. पाहुण्यांचं सगळं गाव मधमाशीचं आहे, मध्यस्थ सांगून गेलाय. आज राजकारणाचा शब्द काढाल तर याद राखा! ते काय म्हणतील त्याला हो म्हणायचं. पोरीचं लग्न आहे."

दुपारी नवऱ्यामुलाचे काका बा काफ्वांका आणि एक आत्या आल्या. बाशी चिशाला भर उन्हाळ्यात कानापर्यंत लोकरी टोपी ओढून कोचावर बसले होते. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता. मक्याच्या आंबटगोड मुन्कोयोचे पेले आले. बा काफ्वांकांनी एक घोट घेतला, टोपीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"काय ही वीज! या कंदीलवाल्यांनी देश बुडवला हो."

बाशी चिशालांच्या मस्तकात तिडीक गेली. खालून बायकोची टाच त्यांच्या पायावर पडली.

"बुडवला," ते कसेबसे म्हणाले. "अगदी तळाला नेला."

बा काफ्वांकांचा चेहरा जरा आवळला. मग तेही जोर लावून म्हणाले, "आमच्याकडच्या रस्त्याचं उद्घाटन तीनदा झालं. रस्ता एकदाही झाला नाही!"

"आमचा दवाखाना बघा! साहेब फीत कापून गेले. ती कात्री तेवढी मागे राहिली. त्यानंतर दवाखान्यात दुसरं काही आलंच नाही!"

"खत साहेबांच्या मेहुण्याच्या घरापर्यंत व्यवस्थित येतं. पुढे म्हणे रस्ता नाही!"

"मेहुणा कशाला, धाकट्या जावयाचं बघा ना!"

दोघंही एव्हाना ओरडत होते. दोघांच्याही मुठी वळल्या होत्या. बाशी चिशालांना त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता, आणि आपल्या तोंडून हे सगळं इतकं सहज, इतकं तपशीलवार कसं निघतंय याचा त्याहून जास्त राग येत होता. त्या रागाच्या भरातच ते म्हणाले, "आणि सभेत नाचतात ते पाहिलंत? पायजम्यात उंदीर शिरल्यासारखे!"

बा काफ्वांका उठले. पेला लवंडला.

"पुरे झालं! रस्त्याचं ऐकलं, दवाखान्याचं ऐकलं. पण साहेबांच्या नाचाला नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही! मोडलं तर मोडू दे लग्न!"

"कुठल्या साहेबांच्या?"

"आमच्या! कंदिलाच्या! सगळ्या मधमाश्यांच्या गावात मी एकटा कंदिलाची शाखा चालवतोय!"

बाशी चिशालाही उठले. "मग मघापासून त्यांना शिव्या कशाला घालताय?"

"तुमच्यासाठी! बसथांब्यावर कर्ण्यातून ऐकलं, तुम्ही मधमाशीत गेलात म्हणून. म्हटलं, पोराचं लग्न आहे, जरा गोड बोलावं!"

"मी? मधमाशीत?" बाशी चिशालांनी टोपी उपटून जमिनीवर आपटली.

बा काफ्वांकांनी ते डोकं एका बाजूने पाहिलं, मग वाकून दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"निम्मे आलेत म्हणत होते," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, पोरं वाढवून सांगतायत."

पहिल्यांदा आत्या हसल्या. मग बाना चिशाला हसत भिंतीला टेकल्या, दारामागे चिशालाचंही हसू ऐकू आलं. दोघं पुरुष मात्र एकमेकांकडे रागाने बघत उभे होते. रागाचं काय करायचं ते कळेना, कारण आता समोर भांडायला कुणी उरलंच नव्हतं.

"मी जे बोललो ते मनापासून नव्हतं," बा काफ्वांका म्हणाले.

"माझंही नव्हतं."

"खोटंही नव्हतं पण," बाना चिशाला म्हणाल्या आणि मक्याच्या पिठाची न्शिमा वाढायला आत गेल्या.

मागणी मान्य झाली. गावठी कोंबडीचा रस्सा आला. दोन्ही व्याही मुकाट्याने जेवू लागले. मतदान होईपर्यंत या घरातला एक शब्दही बाहेर जाता कामा नये, असं त्यांचं हात धुतानाच ठरलं होतं. बाशी चिशालांनी न्शिमाचा गोळा वळला, रश्शात बुडवला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. बायका आत गेल्याची खात्री करून ते व्याह्यांच्या जवळ सरकले.

"ते मेहुण्याच्या खताचं मघाशी म्हणालात ना, बा काफ्वांका," ते कुजबुजले, "ते जरा सविस्तर सांगा."