तिसगावच्या गोवऱ्यांची दिल्लीवर स्वारी

शके एक हजार नऊशे अठरा, धातानाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, नाताळची सुटी तोंडावर असता, तिसगावचे राजमान्य कानिफनाथराव आणि त्यांचे कुटुंब अखंडित सौभाग्यवती गोजरबाईसाहेब यांनी आकाशमार्गे दिल्लीवर स्वारी केली, तिची हकीकत ऐसी की, पुत्र रविराज दिल्लीस सरकारचाकरीत, त्यांची कन्या मोनिका, उमर सहा, तीन वर्षे गावचे दर्शन नाही, तिने फोनवर आजीकडे अर्ज गुदरला की, येताना हुरडा आण, आणि बाईसाहेबांनी एसटीडी बूथवाल्यादेखत जबान दिली.

मग विमानाची तिकिटे आली आणि सोबत रविराजांचा खलिता आला की, सामान माणशी वीस किलो, वर गुंजभर चालणार नाही. तो वाचून रावांचे तोंडचे पाणी पळाले. कारण खाशांनी विमानाचे जिन्यावर उभे राहून तसबीर काढविण्याकरिता नगरास दोन सफारी शिवविल्या होत्या, शिवाय गरम कोट, शिवाय बूट, आणि त्याची दवंडी सलूनापासून सोसायटीपर्यंत स्वमुखे पिटून झाली होती.

इकडे बाईसाहेबांनी कांद्याचे अडतीवरून वजनकाटा मागविला आणि ओसरीवर मोर्चे लाविले. ज्वारीची कोवळी कणसे ओल्या फडक्यात बांधिली, लसणाची चटणी आणि गूळ सिद्ध केला, तोवर शेजारच्या भीमाबाई कुरडयांचे गाठोडे घेऊन कुमकेस आल्या की, "माजा भाचा बी तकडंच हाय, हैदराबादला." नकाशा कोणीच मागितला नाही आणि गाठोडे दाखल जाहले. मग बाईसाहेबांनी गोठ्यामागून घरच्या गाईच्या निवडक तीस गोवऱ्या आणून काट्यावर रचिल्या.

रावांनी तत्क्षणी फर्मान काढिले की, शेण विमानात चढणार नाही, भाऊबंदांत छी-थू होईल. त्यावर बाईसाहेबांनी जाब केला, "मग हुरडा काय तुमच्या सफारीवर भाजू? गॅसवर भाजल्याली नुसती ज्वारी आसती. लेकराला शबूद दिलाय म्या."

तीन दिवस तुंबळ जाहले. राव गोवऱ्या काढीत आणि बाईसाहेब भरीत, आणि काटा बिचारा वर-खाली होऊन दमला. चौथे दिवशी बाईसाहेब अकस्मात मवाळ जाहल्या, तुमची बॅग मीच भरते म्हणाल्या, आणि शिळी कणसे काढून ताजी बांधून दोन्ही बॅगा नेमक्या वीस-वीस किलो भरून कुलुपे लाविली. चाळीस वर्षे संसार केलेला शूर पुरुष, परंतु त्यास संशय म्हणून आला नाही. धन्य! सफारी मळू नये, पुण्यास बदलावी, ऐसी मसलत करून राव एसटीत धोतरावरच चढले.

पुण्यास विमानतळाचे यंत्रात रावांच्या बॅगेत गोल गोल तीस चकत्या दिसल्या आणि बंदूकवाले शिपाई धावले. बॅग उघडता वर पंचा, खाली गोवऱ्या, सफारीचे नाव नाही, कोटाचे नाव नाही. रावांचा चेहरा गोवरीसारखाच जाहला.

"आगं, माजी सफारी कुठंय?"

"कोठीत. सुखरूप हाय."

मग शिपायांच्या जमादाराने एक गोवरी मोडून हुंगली, खेड्यातला गडी असावा, गालात हसला आणि वाट सोडिली. तसबीर राहिली ती राहिलीच, राव धोतरावर जिन्यात उभे राहीनात.

मग दिल्लीस उतरून रविराजांच्या क्वार्टरामागे पाहतात तो भिंतभर गोवऱ्या थापलेल्या. रावांस स्फुरण चढले, "बघ! हितं फुकाट ढीग लागल्यात." बाईसाहेबांनी जवळ जाऊन एक निरखून पाहिली.

"म्हशीच्या हायेत," म्हणाल्या आणि माघारी फिरल्या.

मग गच्चीवर आगटी पेटली आणि कणसे भाजून तळहातावर मळली, आणि मोनिकाबाईंनी पाच कणसांचा फन्ना उडवून काळ्या ओठांनी "आज्जी, अजून" म्हटले, तेव्हा बाईसाहेबांस एवढा आनंद जाहला की पदराने डोळे पुसावे लागले. कोटाविना कुडकुडणारे कानिफनाथराव सुनेची गुलाबी शाल पांघरून हळूहळू आगटीशी सरकले आणि बोलले, "दोन गोवऱ्या आजून टाक गं."

सदरहू शब्द हीच शरणागती मानून, गोजरबाईसाहेबांची फत्ते जाहली, ऐसे दप्तरी दाखल केले असे.