आई कुणाच्या बाजूला?

‘हरवलेली वस्तू आणि मी, यांच्यात अंतर असते ते केवळ वेळेचे’, असं सासरेबुवांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं होतं. त्याखाली ‘सूक्ष्मदर्शी, दूरदर्शी व आंतरराष्ट्रीय दर्जाचे खासगी गुप्तहेर’. आणि त्याच्याही खाली, छापखानेवाल्याने जागा उरली म्हणून आपल्या मनाने घातलेलं एक गुलाबाचं फूल.

सासरेबुवांनी रेल्वे स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत चौतीस वर्षं काढली होती. लोक सापडलेल्या छत्र्या आणून द्यायचे, ते त्या फळीवर ठेवायचे. या कामातून माणसाला गुन्हेगारी मनाचा ठाव लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या हाताखाली एकच मदतनीस होती, ती म्हणजे त्यांची सून. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. तिला गुरुवारी सुट्टी असे, त्यामुळे गुन्हे गुरुवारीच घडत. सासरे तिला घरात ‘तू’ म्हणायचे आणि केस चालू असली की ‘तुम्ही’.

त्या गुरुवारी ते बोडक्या डोक्याने बसले होते. त्यांची फेल्टची हॅट रविवारपासून सापडत नव्हती.

“बाबा, मी शोधू का?” सुनेनं विचारलं.

“क्षुल्लक केसेस आम्ही घेत नाही,” ते म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे बेकरीवाले आत आले. कानाच्या पाळीला पीठ, हातात गाडीची किल्ली.

“काका, माझी आई सरकली,” ते म्हणाले.

सासरेबुवा ताडकन उठले. “सूनबाई, लिहा! बेपत्ता महिला. वय?”

“बेपत्ता नाही हो, सरकली. आणि तिला जाऊन सात वर्षं झाली.”

सुनेनं पेन खाली ठेवलं, त्यांना पाणी दिलं आणि नीट विचारून घेतलं. हकिगत अशी होती: बेकरीवाल्यांकडे घरीच ध्वनिमुद्रित केलेलं एक जुनं गाणं होतं. आई मधे बसून गातेय, एका बाजूला बारा वर्षांचे बेकरीवाले पेटी वाजवतायत आणि दुसऱ्या बाजूला त्यांची ताई व्हायोलिन. गाडीत ते लावलं की तिघं आपापल्या जागी बसल्यासारखी ऐकू यायची. पेटी चालकाच्या दाराशी, व्हायोलिन पलीकडच्या दाराशी आणि आई साधारण मधोमध, काचेच्या खाली. रविवारपासून मात्र आई पार चालकाच्या बाजूला आली होती, आणि व्हायोलिन तर उशीखाली दाबून ठेवल्यासारखं वाजत होतं.

“मग बिघडलं कुठे? आई तुमच्याजवळ आली,” सासरेबुवा म्हणाले.

“तेच तर बिघडलं!” बेकरीवाले जवळजवळ ओरडले. “आज चारच्या गाडीनं ताई येतेय. सहा वर्षं बोललेली नाही माझ्याशी. भांडण कशावरून, तर आईला शेवटपर्यंत तू आपल्याकडेच ठेवून घेतलंस, माझ्याकडे चार दिवस पाठवली नाहीस. आता परगावी चाललीय, मधे तासभर थांबणार, पाचला पुढची गाडी. मला मेलं बोलता येत नाही. म्हटलं, गाडीत बसवू आणि गाणं लावू, जे काय बोलायचं ते आई बोलेल. आणि आई ही अशी! ताई म्हणेल, इथेपण ओढलीस ना आपल्या बाजूला? शिवाय माझं व्हायोलिनही पुसून टाकलंस.”

सुनेला एकदम वाटलं, ही केस खरी आहे. आतापर्यंतच्या अकरा केसेसपैकी पहिलीच.

गाडी दारातच उभी होती. पुढच्या दोन दारांत खाली, बसणाऱ्याच्या पोटरीपाशी, एकेक स्पीकर. बाकी कुठे नाही. चालकाशेजारच्या सीटवर भलामोठा केकचा खोका पट्टा लावून बसवलेला होता.

“त्या बाजूचं दार कुणी उघडायचं नाही,” बेकरीवाल्यांनी बजावलं. “सकाळी चालकाच्या बाजूनं आत सरकवलाय. दाराला टेकलाय तो. उघडलंत की क्रीम रस्त्यावर.”

सासरेबुवा चालकाच्या सीटवर बसले, डोळे मिटून गाणं ऐकलं आणि चौकशी सुरू केली.

“रविवारी या गाडीत कोण कोण होतं?”

“मी. आणि तुम्ही. तुम्हाला घरी सोडलं नव्हतं का मी?”

“मला वगळा. गुप्तहेर संशयित नसतो. आणखी कोण?”

“कुणीच नाही.”

“म्हणजे संशयित एकही नाही. सूनबाई, लिहा, गुन्हेगार अत्यंत धूर्त आहे.”

पहिला सिद्धांत पिठाचा होता. बेकरीची गाडी, पीठ उडून पलीकडच्या स्पीकरमध्ये बसलं आणि व्हायोलिनचा घसा धरला. सासरेबुवांनी केकच्या वरून वाकून सायकलचा पंप मारला. पीठ उडालं ते त्यांच्याच नाकात. अकरा शिंका झाल्या, आई जागची हलली नाही.

दुसरा सिद्धांत: पलीकडची खिडकी उघडी राहते, आवाज तिथून पळून जातो. काच बंद केली. आवाज पळाला नाही, पण गाडीत इतकं उकडायला लागलं की बेकरीवाल्यांना केकची काळजी वाटू लागली.

तिसरा सिद्धांत त्यांनी फार गंभीरपणे मांडला. “माऊलीचा ओढा मुलाकडे. विज्ञान इथे थांबतं.”

“बाबा,” सून म्हणाली, “विज्ञान अजून गाडीत चढलेलंच नाही. एका बाजूचा आवाज दबलाय. त्या स्पीकरच्या तोंडाशी काहीतरी आलेलं असणार. केक उतरवून बघू या ना.”

“केकला हात लावायचा नाही!” बेकरीवाले म्हणाले.

“ऐकलंत? अशिलाची इच्छा,” सासरेबुवा म्हणाले आणि त्यांनी चौथा सिद्धांत अमलात आणला. म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे करायचं बटण पलीकडच्या बाजूला जवळजवळ शेवटपर्यंत पिरगाळलं. आई हळूहळू मधे आली. बेकरीवाल्यांचे डोळे भरून आले.

“केस संपली,” सासरेबुवांनी जाहीर केलं.

“कारण कुठे सापडलं? तुम्ही नुसता ताप उतरवलात,” सून पुटपुटली. पण पावणेचार झाले होते. केस बंद होईपर्यंत अशिलाला सोडायचं नाही हा सासरेबुवांचा नियम, त्यामुळे दोघंही मागच्या सीटवर बसली आणि गाडी स्टेशनकडे निघाली.

ताई मुख्याध्यापिका होती, आणि ते तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. तिनं भावाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

“अजून पिठाचाच वास येतो,” ती म्हणाली. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

“हो ना,” बेकरीवाले म्हणाले. हे दुसरं. त्यांनी चालकाच्या बाजूनं आत वाकून पट्टा काढला, खोका ओढून घेतला आणि मागे सासरेबुवांच्या मांडीवर दिला. ताई पुढे बसली. बेकरीवाल्यांनी गाणं लावलं.

पेटी वाजली आणि आईनं पहिला सूर लावला. ताई मान वळवून बाहेर पाहत राहिली. मग तिनं पाय हलवला.

“हे काय टोचतंय पायाला?” म्हणत तिनं सीट आणि दार यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि एक चपटी झालेली फेल्टची हॅट उपसून काढली.

त्याच क्षणी आईनं उडी मारली. दबलेला स्पीकर मोकळा झाला, बटण तर आधीच त्याच्या बाजूला पिरगाळलेलं. व्हायोलिन कडाडलं आणि आई थेट ताईच्या मांडीवर जाऊन गायला लागली.

“आई माझ्याकडे आली!” ताई म्हणाली. तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“हे बरं आहे!” बेकरीवाले उसळले. “सकाळपासून मी मधे आणतोय तिला! काका, बटण फिरवा!”

“खबरदार बटणाला हात लावलास तर. पंधरा वर्षं तुझ्याकडे होती ना? राहू दे जरा माझ्याकडे.”

“बघा, काढलंच शेवटी!”

सासरेबुवा केकच्या मागे लपले. सून पुढे वाकली, बटण बरोबर मधे आणलं आणि म्हणाली, “पुढे बसून तुम्हा दोघांनाही एकाच वेळी आई मधोमध ऐकू येणारच नाही. ज्याच्या जवळ जो स्पीकर, त्याचा आवाज त्याला आधी पोचतो. एकाला मधे आणली की दुसऱ्याला लांब जाते, दुसऱ्याला आणली की पहिल्याला. बटणानं हे मिटणार नाही.”

आई एकटीच गात होती.

“मग पुढे बसायचंच कशाला?” ताई म्हणाली. “मागे बसू की. मधे.”

सुनेनं मान वळवून दोन्हीकडे पाहिलं. दोन्ही दारांपासून सारखं अंतर. इतकं सोपं होतं ते, आणि ते मागच्या सीटवर बसूनही तिला सुचलं नव्हतं.

अदलाबदल झाली. सून चालवायला बसली, सासरेबुवा केक आणि हॅट घेऊन तिच्या शेजारी. मागे भाऊ-बहीण मधोमध, खांद्याला खांदा लावून.

“सरक ना जरा.”

“तू सरक. तेव्हाही अशीच कोपर मारायचीस.”

“गप्प. आई ओरडेल.”

सुनेनं गाणं पहिल्यापासून लावलं आणि गाडी सुरू केली. एका दारातून पेटी, दुसऱ्यातून व्हायोलिन. आरशात तिला दिसलं, दोघंही समोर एकाच जागी पाहत होती. दोन सीटच्या मधे, काचेच्या थोडं खाली.

गाणं संपलं तसं ताईनं पुन्हा लावायला सांगितलं. तिच्या हातात आता भावाच्या शर्टाची बाही होती, पीठ झटकायला म्हणून धरलेली.

सासरेबुवांनी वही काढली आणि सुनेला दिसेल अशी धरून लिहिलं: ‘हॅट सापडली. आई सापडली. एकाच दिवशी दोन केसेस, कारकिर्दीत प्रथमच.’ मग हॅट जरा फुगवून डोक्यावर ठेवली.

स्टेशनवरच्या घड्याळात पाच वाजले, ताईच्या पुढच्या गाडीची वेळ झाली. मागे कुणी वर पाहिलं नाही. सुनेनं स्टेशनला वळसा घालून गाडी पुन्हा त्याच रस्त्याला घेतली.

“सूनबाई,” सासरेबुवा तिच्या कानाशी कुजबुजले, “माझं निरीक्षण सांगतो. आपण इथून तिसऱ्यांदा चाललोय. तुम्ही रस्ता चुकलात.”

“हो बाबा,” ती म्हणाली आणि चौथी फेरी घेतली.